सोमवारी सातला फोन

सोमवारी संध्याकाळी सात वाजले की आमच्या एवढ्याशा खोलीत आठ माणसं असतात. दोघी आम्ही, आणि सहा जण माझ्या रूममेटच्या फोनमध्ये. आई, बाबा, आजी, बहीण, दोन भाऊ. सगळे एकदम बोलतात. कुणी प्रार्थना म्हणतं, कुणी शाळेतला किस्सा सांगतं, धाकटा भाऊ टर्कीच्या शेडमधून कॅमेरा गरागरा फिरवतो आणि आई ओरडते, "अरे, गरगरतंय मला!" पहिल्या सोमवारी मी कानात इअरफोन खुपसून असाइनमेंट करत बसले होते. तिसऱ्या सोमवारी आजीने मला माझ्या नावाने हाक मारली. चुकीच्या उच्चाराने, पण मारली. आता सहालाच माझं सगळं आटपलेलं असतं.

माझी रूममेट मॉर्मन आहे. हे एका दमात सांगून टाकायचंय, कारण तीन महिन्यांपूर्वी नाशिकहून सॉल्ट लेक सिटीला उतरले तेव्हा मॉर्मन म्हटल्यावर मला एकच गोष्ट ठाऊक होती. तीच, जी तुम्हाला ठाऊक आहे. एका नवऱ्याच्या चार बायका. ही प्रथा त्यांच्या चर्चने 1890 सालीच अधिकृतपणे सोडली, हे इथे आल्यावर कळलं. आणि मॉर्मनसुद्धा म्हणायचं नाही म्हणे! 2018 पासून चर्चचा आग्रह आहे की पूर्ण नाव घ्या, नाहीतर 'लॅटर-डे सेंट्स' म्हणा. "आजी ऐकते का कुणाचं? ती मॉर्मनच म्हणते," इति रूममेट.

तिचं गाव सॅनपीट काउंटीत, इथून दक्षिणेला. घरचा टर्कीचा धंदा. वय एकवीस. मध्ये दीड वर्ष कॉलेज सोडून ती तैवानला धर्मप्रसाराला जाऊन आली. स्वतःच्या खर्चाने, छातीवर काळा बिल्ला लावून, बरोबर सतत एक जोडीदारीण. तिथे शिकलेली मँडरिन ती अजून झोपेत बोलते. मी ऐकलंय.

पहिल्याच आठवड्यात मी आल्याचा चहा केला आणि दोन कपांत गाळला. तिने वास घेतला, डोळे मिटले आणि कप परत दिला. 1833 सालच्या एका शिकवणीमुळे त्यांना चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. दारूचं समजू शकते, पण चहा? चहाशिवाय माणसं प्रार्थनेला उठतात कशी? मग मी पत्ती सोडून बाकी सगळं घालून उकळलं. दूध, आलं, वेलची, साखर. आता रोज रात्री आमच्याकडे हा बिनचहाचा चहा होतो आणि ती त्याला 'चाय'च म्हणते. त्याच्या बदल्यात तिने मला कोकमध्ये नारळाचं सिरप, लिंबू आणि क्रीम घालून पाजलं. युटात त्याची खास दुकानं आहेत, गाड्यांच्या रांगा लागतात. नाव काय, तर डर्टी सोडा. एका घोटात कळतं की दारूबंदी असलेल्या लोकांनी सगळी हौस साखरेवर भागवली आहे.

महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. मी उत्साहाने साबुदाणा भिजवला (इंडियन स्टोअर, दोन बस बदलून). ती म्हणाली, "उपास म्हणजे उपास. दोन जेवणं नाहीत. पाणीसुद्धा नाही." एकादशी दुप्पट खाशी या परंपरेतली मी, मान खाली घालून एकटीने खिचडी संपवली. पण पुढचं ऐका. त्या दोन जेवणांचे वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे असतात. किती साधा हिशोब! मला इतकी वर्षं उपासाला काय चालतं एवढंच ठाऊक होतं.

त्याच रविवारी मी तिच्याबरोबर चर्चला गेले. धर्मगुरू वगैरे शोधत होते, तर समोर बसलेला बिशप म्हणजे आठवडाभर दात काढणारा डेंटिस्ट. पगारी पुजारी नाहीतच, पाळीपाळीने आपल्यातलाच एक जण. प्रसादाला पावाचा तुकडा आणि वाइनऐवजी पाणी. मग माइक मोकळा! ज्याला वाटेल त्याने पुढे जायचं आणि आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं. एक पोरगी येऊन मांजर सापडल्याबद्दल देवाचे आभार मानून गेली. एक काका नोकरी गेल्याचं सांगताना रडले. मागच्या बाकावर कुणीतरी तान्ह्याला थोपटत होतं. कीर्तन संपल्यावर बायका देवळाच्या पायरीवर बसून बोलतात ना, ते इथे व्यासपीठावरून चालू होतं.

सगळं गोड गोड आहे असं नाही. तिच्या वर्गमैत्रिणींची लग्नं विसाव्या वर्षीच ठरतात. सॅनपीटला गेलं की दर दुसरी काकू विचारते, "मग? कुणी आहे की नाही?" (हे वाक्य कुठल्याही भाषेत त्याच सुरात विचारतात, हा माझा या तीन महिन्यांतला सर्वांत मोठा शोध.) तिच्या मोठ्या भावाने चर्च सोडलंय. बहिणीचं लग्न मंदिरात लागलं. तिथे परवानापत्र असलेल्या सभासदांनाच आत जाता येतं. तो सूट घालून बाहेरच्या हिरवळीवर फुलं धरून उभा राहिला. "मी आतून सारखी दाराकडे बघत होते," ती म्हणाली. त्यांचा विश्वास असा की मंदिरात बांधलेलं कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं. मग भावाचं काय? हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की ते ती रोज देवाला विचारते आणि उत्तर येईपर्यंत सोमवारचा फोन चालू ठेवते. भाऊही एक सोमवार चुकवत नाही. प्रार्थनेच्या वेळी तो डोळे मिटत नाही, कॅमेऱ्याकडे बघत राहतो.

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले!

एका रात्री बिनचहाचा चहा पिताना तिने सांगितलं की तिची एक खापरपणजी तिसरी बायको होती. लाज नाही, अभिमान नाही, नुसतं सांगितलं. मी तोंड वाकडं केलं असणार. म्हणून मग तिने एलिस रेनॉल्ड्स शिपची गोष्ट काढली. नवऱ्याच्या चार बायकांपैकी एक. पहाटे चारला उठून अभ्यास करणारी. चर्चचा तेव्हाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याने बायकांनी डॉक्टर व्हावं असा आग्रह धरला, तेव्हा ही 1875 साली मुलांना सवतींवर सोपवून पूर्वेला मेडिकलला गेली, शिकता शिकता आणखी एक बाळंतपण केलं आणि 1878 साली डॉक्टर होऊन परत आली. पुढे सॉल्ट लेकमध्ये सुईणी आणि नर्सेस घडवण्याची शाळा काढली.

"कुठल्या कॉलेजात?" मी उगाच विचारलं.

"फिलाडेल्फिया. वुमन्स मेडिकल कॉलेज."

मी इतक्या जोरात किंचाळले की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली. अहो, आनंदीबाईंचं कॉलेज! आनंदीबाई जोशी, 1886! डीनसुद्धा त्याच, रेचेल बॉडली! एक मुलांना सवतींकडे ठेवून गेलेली, दुसरी दहा दिवसांचं मूल गमावल्यावर डॉक्टर व्हायचं ठरवून समुद्र ओलांडून गेलेली. आठ वर्षांच्या अंतराने दोघी त्याच कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. मी हातवारे करकरून सगळं सांगितलं. कल्याणचा जन्म, नवव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षी पुण्यात मृत्यू, रक्षा मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला. आणि सांगता सांगता म्हणाले की तिचं खरं नाव यमुना, आनंदी हे लग्नातलं.

"म्हणजे? नाव बदलतात? पहिलं नाव?"

मी तांदळाचं ताट समजावलं. नवरा अंगठीने तांदळात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात. तिने लॅपटॉप ओढला आणि आपला वंशवृक्ष उघडला. पंख्यासारखा अर्धगोल, मध्ये ती, मग दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. सोळाच्या कड्यातल्या आठच्या आठ बायका माहेरच्या नाव-आडनावानिशी हजर. तिसरी बायको असलेली खापरपणजीसुद्धा. "आता तुझा," ती म्हणाली.

माझा बाप, आजोबा, पणजोबा फटाफट भरले. आपल्या नावातच बापाचं नाव असतं, साखळी आपोआप मिळते. शिवाय त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे आमच्या घराची नामावळ आहेच. बायकांच्या रकान्यात मात्र मी बोट कीबोर्डवर ठेवून नुसती बसले. बाबांच्या आईचं माहेरचं नाव? पणजीचं? तिला तर सगळे नुसतं 'मोठीआई' म्हणायचे.

शनिवारी ती मला त्यांच्या चर्चच्या फॅमिलीसर्च लायब्ररीत घेऊन गेली. टेंपल स्क्वेअरसमोर, सगळ्यांना मोकळी, फुकट. हे लोक 1938 पासून जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचे फोटो काढताहेत. 24 लाख रिळं जवळच्या डोंगरात ग्रॅनाइट कोरून केलेल्या तिजोरीत ठेवलीत. आणि धक्का म्हणजे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांच्या संग्रहात आहेत! हा सगळा खटाटोप मेलेल्या पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्मा करता यावा म्हणून. हे मला पचलेलं नाही, तिच्याजवळ तसं बोललेही. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं अशी वापरल्यावरून मोठा वाद झाला होता आणि 1995 साली चर्चला ते थांबवण्याचा करार करावा लागला. "तुझ्या पणजीला कुणी हात लावणार नाही," ती म्हणाली, "आपापल्याच पूर्वजांचं करायचं असा नियम आहे." ठीक. पण कारण पटो न पटो, तिथली सत्तरीची स्वयंसेवक बाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो आजीबद्दल, आजोबांबद्दल नाही.

त्या रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसातला, आईला फोन लावला. आई म्हणाली, "तुझ्या आजीचं माहेरचं नाव? थांब, आत्याला विचारते." आत्यालाही माहीत नव्हतं! स्वतःच्या आईचं! मग फॅमिली ग्रुपवर जो काही गोंधळ उडाला. तिघांनी तीन नावं सांगितली, एका काकांनी 'कशाला उकरून काढता' म्हणून गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. शेवटी आजीच्या माहेरच्या एका चुलतभावाने जुन्या शाळेच्या दाखल्याचा फोटो पाठवला. इयत्ता तिसरी. निळ्या शाईत, दोनच अक्षरांचं नाव.

ते इथे लिहीत नाही. आजी चौऱ्याऐंशीची आहे, संगमनेरला असते, आणि फॅमिलीसर्चवर हयात माणसांची नोंद दुसऱ्यांना दिसत नाही. तो नियम मला आवडला.

परवाच्या सोमवारी सातला खोलीत नऊ जण होते. संगमनेरला मंगळवारचे सकाळचे साडेसहा. माझ्या फोनवर आजी, अर्धा चेहरा आणि बाकी सगळं छत. सॅनपीटची मंडळी गप्प बसून बघत होती. मी आजीला त्या दोन अक्षरी नावाने हाक मारली.

पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज येत राहिला. मग आजीने फोन अगदी तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "कोण गं बोलतंय?"