वासाची नोंद कुठे करायची?

दर पावसाळ्यात मला फोन येतात. "साहेब, एकदा या आमच्या वस्तीवर. घास घशाखाली उतरत नाही." वस्तीला लागून पोल्ट्रीच्या चार शेड आहेत. त्यातली एक माझ्या चुलतभावाची. त्यामुळे यावर लिहायचं म्हणजे घरातूनच सुरुवात.

आधी वास कशाचा ते सांगतो. कोंबडीच्या विष्ठेतलं युरिक ॲसिड जिवाणू फोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. खालचं तूस कोरडं असेल तर कमी, ओलं झालं की भरमसाट. म्हणून पावसाळ्यात फोन वाढतात. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं हे वस्तीवरच्यांचे मनाचे खेळ नाहीत. देशाच्या हवेच्या 2009 च्या मानकांत अमोनिया आहेच : 24 तासांसाठी घनमीटरमागे 400 मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादा आहे. पण आमच्याकडे किती निघतो? माहितीच्या अधिकारात विचारलं, तर एका ओळीचं उत्तर आलं : नोंद उपलब्ध नाही.

आता गंमत बघा. 1984 ला भोपाळ झालं. त्या धक्क्यातून अमेरिकेने 1986 मध्ये कायदा केला, की आपल्या शेजारी कोणता घातक वायू सुटतो हे कळणं हा लोकांचा हक्क आहे. अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइड 24 तासांत 100 पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण 45 किलोपेक्षा जास्त सुटला तर कळवायचं. मोठे गोठे, वराहपालन, पोल्ट्री यांच्या शेणा-विष्ठेतूनही एवढा वायू निघू शकतो. तिथल्या पर्यावरण खात्याने 2008 मध्ये बहुतेक फार्मना यातून सूट दिली. 2017 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. मग 2018 मध्ये संसदेने आणि 2019 मध्ये खात्याने पुन्हा सूट दिली. मेले आपले लोक, हक्क मिळाला तिकडच्यांना, आणि शेणाच्या बाबतीत तोही परत गेला.

तिथल्या शेतकऱ्यांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. उघड्या शेडमधून निघणारा वायू मोजायचा कसा? आणि असा रोजचा अहवाल घेऊन आपत्कालीन यंत्रणा करणार काय?

आपल्याकडे 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कान टोचल्यावर केंद्रीय मंडळाने नियम कडक केले. आता 5,000 पक्ष्यांवरच्या पोल्ट्रीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. चांगलंच झालं. पण संमतीचा कागद फाइलमध्ये जातो. आज शेडमधून काय निघतंय, ते त्यावरून शेजाऱ्याला कळत नाही.

भावाशी बोललो. तो म्हणाला, "दादा, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. मला मिळतात किलोमागे संगोपनाचे पैसे. वास तेवढा माझ्या नावावर." खरं आहे त्याचं. त्याच दिवशी वस्तीवरच्या एका बाईने विचारलं, "भावाचा धंदा बुडू नये हे पटतं. पण आम्ही दारं-खिडक्या लावून किती दिवस काढायचे?" तिचंही खरं आहे.

दोघंही खरे असतील तेव्हा आकडा लागतो. तो नसल्यामुळे आमच्याकडे फक्त भांडणं होतात. शेवटी ज्याच्या मागे पुढारी, त्याचं नाक खरं ठरतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. दंड नको, टाळं नको. प्रत्येक शेडची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा : पक्षी किती, बॅच कधी निघाली, तूस कधी बदललं, कोंबडखत कुठे नेलं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मंडळाने वस्तीवर येऊन अमोनिया मोजावा. आणि ओलं तूस बदलण्याचा, चुना मारण्याचा खर्च ज्यांची पिल्लं आहेत त्या कंपन्यांनीही उचलावा.

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी देतोय. भावाने सही करतो म्हटलंय. वस्तीवरच्यांनीही या, आणि बाकीच्या शेडवाल्यांनीही या.