बावनथडीच्या पलीकडची भाची

आंबागड, ता. तुमसर

चि. सौ. बेबीस,


पिंकीला पुढे नागपूरला इंजिनिअरिंगला टाकायचं तर इकडच्या मुलांत धरतील का, असं विचारलंस. अकरावीला मामाकडे आणू म्हणतेस, पण तेवढ्याने भागत नाही. दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून पास हव्यात. शिवाय जन्म इथला हवा, नाहीतर अधिवास. आईबापाच्या अधिवासावरही चालतं, पण तुम्ही दोघं तिकडचे, मध्य प्रदेशातले. जन्माचं मात्र फावलं. पहिलं बाळंतपण म्हणून तू माहेरी आलीस ना! ट्रंकेतली दाखल्याची प्रत काढून पाहिली. जन्मस्थळ तुमसर, खाली पत्ता बालाघाटकडच्या कटंगीचा, आणि नगरपरिषदेचा शिक्का जावईबापूंच्या नावावरच उमटलेला. आता आठवीत आहे, तर नववीलाच आण.

फीमाफी धरून चालू नकोस. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क 2024 पासून सरकार भरतं खरं. पण जात बापाकडून बघतात, आणि घराणं 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासून महाराष्ट्रात होतं याचा पुरावा मागतात. जावईबापूंचं घर पिढ्यान्‌पिढ्या कटंगीचं, पुरावा आणायचा कुठून? 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच मध्य प्रदेशात होते. आपल्या आजीची सोयरीक जमली तेव्हा बावनथडी नदीपलीकडे परराज्य नव्हतं.

बेळगावकडच्या 865 गावांतली मराठी मुलं तिकडे शिकूनही इकडे प्रवेशाला चालतात, कारण तिथे सीमावाद आहे. आपण भांडलो नाही, म्हणून आपल्याला काही नाही! कॉलेजं इथल्या करावर चालतात, कुठेतरी रेघ मारावीच लागणार, हे मलाही पटतं. पण पोरगी कुठे शिकली ते बघा की, बापाचं गाव कशाला? अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 2001 मध्ये तेच केलं होतं. तीन वर्षं तिथे राहून तिथलीच शाळा पूर्ण केलेल्या मुलाला, कागदपत्रं नसली तरी, राज्यातल्या मुलांइतकीच फी. 2025 च्या जूनमध्ये त्यांचं केंद्र सरकार कोर्टात गेलं आणि त्याच दिवशी ती सवलत बंद पडली. राज्य सरकारनेही हूं की चूं केलं नाही.

टीसीवर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घे, नाहीतर इथून पुन्हा कटंगीला पिटाळतील. शाळेतलं नाव आणि जन्मदाखल्यातलं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं का तेही बघ. शाळेत 'पिंकी' लागलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. मराठीचा पेपर द्यावा लागेल, पण घाबरू नको म्हणावं. घरी पोवारी, शाळेत हिंदी, त्यात एक मराठी. लिहायला मी बसवीन.

तुझा,
दादा