शब्दाचे शेपूट

शिष्यवृत्तीच्या अर्जात एखादा मराठी मुलगा मोठ्या उमेदीने लिहितो, 'आय हार्डली स्टडीड धिस इयर.' यंदा आपण कसून अभ्यास केला, हे त्याला सांगावयाचे असते. कागदावर मात्र नेमके उलटे उमटते: यंदा मी अभ्यास जवळजवळ केलाच नाही! अर्ज वाचणारे गृहस्थ त्या मुलाला ओळखत नसतात. त्यांच्यापुढे असतो तो केवळ कागद. शब्दाच्या एका इवल्याशा शेपटाने वर्षभराची मेहनत पुसून टाकावी, हा केवढा अन्याय!

हे शेपूट म्हणजे 'ली'. 'स्लो' या विशेषणाला ते जोडले की 'स्लोली' हे क्रियाविशेषण तयार होते, असे वर्गात शिकविले जाते. नियम खोटा नाही; पण अर्धा आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'देह' किंवा 'आकृती' या अर्थाचा एक शब्द होता. तोच झिजत झिजत 'ली' झाला. म्हणजे आपल्या 'सारखा' या शब्दाचेच काम तो करी. म्हणूनच 'फ्रेंडली' म्हणजे मित्रासारखा. आणि शेपूट असूनही ते क्रियाविशेषण नाही, विशेषणच आहे.

त्या जुन्या भाषेत विशेषणाच्या अंती नुसता 'ए' हा स्वर लावूनही क्रियाविशेषण होत असे. पुढे तो स्वर उच्चारातून गळून पडला, आणि 'हार्ड', 'फास्ट' हे शब्द दोन्ही कामे एकाच वेषात करू लागले. त्यामुळे घोडा 'फास्ट' धावतो. 'फास्टली' धावणारा घोडा इंग्रजीच्या तबेल्यात नाही. 'हार्डली' हा शब्द पूर्वी 'मोठ्या कष्टाने' अशाही अर्थाने वापरीत. परंतु जे मोठ्या कष्टाने होते, ते बहुधा जेमतेमच होते! तसा अर्थ हळूहळू घसरत गेला आणि 'जेमतेम', 'जवळजवळ नाहीच' येथे येऊन स्थिरावला. 'लेट' आणि 'लेटली' यांची गोष्टही अशीच. पहिला उशिरा येतो, दुसरा अलीकडे येतो.

मग मराठी मुलाची चूक होते, ती काय त्याला बुद्धी कमी म्हणून? मुळीच नाही. त्याची मातृभाषा त्याचा हात धरून चालत असते. 'मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते', असे तो जन्मापासून ऐकतो. येथे 'चांगला' हा शब्द गाण्याची रीत सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे करतो. पण रूप विशेषणाचे ठेवतो आणि गाणाऱ्याप्रमाणे बदलतोदेखील. इंग्रजीत चांगल्या मुलीला 'गुड' म्हणावे, चांगल्या गाण्याला 'वेल'. 'शी सिंग्ज गुड' असे लिहिणारा मुलगा खरे म्हणजे शुद्ध मराठी लिहीत असतो. फक्त शब्द तेवढे इंग्रजी असतात.

शब्दाच्या जागेचेही तसेच. मराठीत 'ती इंग्रजी उत्तम बोलते' येथे 'उत्तम' हे क्रियापदाला बिलगून बसते. तीच बैठक मनात धरून 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' असे लिहिले, तर इंग्रज मनुष्य थबकतो. त्याच्या भाषेत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा कोणी शिरत नाही; 'वेल' ला शेवटी जाऊन बसावे लागते.

सर्वांत मौज 'ओन्ली' या शब्दाची. आपला 'च' किती सोयीचा! 'सीताच दूध प्यायली' म्हटले की बाकी कोणी प्यायले नाही. 'सीता दूधच प्यायली' म्हटले की तिने दुसरे काही घेतले नाही. 'च' ज्याला चिकटतो, त्याचाच होतो. 'ओन्ली' ला असे चिकटता येत नाही. तो सुटा शब्द. लिहिताना त्याला ज्याच्याविषयी बोलायचे, त्याच्या अगदी पुढ्यात उभे करावे लागते: 'ओन्ली सीता' किंवा 'ओन्ली मिल्क'. बोलताना इंग्रज लोक इतके काटेकोर नसतात, आवाजाच्या जोराने ते भागवून नेतात. पण कागदाला आवाज कोठला? आणि आपण काय करतो? 'मी इथेच होतो' याचे 'आय वॉज हिअर ओन्ली' करतो. 'च' मागे येतो, म्हणून 'ओन्ली' ही मागे! भारताबाहेरचा श्रोता बिचारा विचारात पडतो, 'येथेच फक्त? मग आणखी कोठे असायला हवे होते?'

आणि काही क्रियाविशेषणे तर इंग्रजीत शोधूनही सापडत नाहीत. बाळ लुटुलुटु चालते, कोणी फाटकन दार लावतो, ताई खुदकन हसते. 'लुटुलुटु' साठी मुलगा 'ली' च्या शेपटाचा शब्द कोशात धुंडाळीत बसतो. तो मिळायचा नाही; कारण इंग्रजीने तो क्रियापदाच्या पोटातच दडवून ठेवला आहे. 'टॉडल' म्हणजे लुटुलुटु चालणे, 'स्लॅम' म्हणजे दार फाटकन लावणे. खुदकन हसण्यासाठी मात्र 'गिगल' घ्यावे की 'चकल', हे ताई कशी हसली ते पाहूनच ठरवावे लागेल.