माळवदाखालचे दुकान

चादरींच्या व्यापाऱ्याने आमच्या जुन्या घराचे दार मोजले आणि मान हलवली. "सर, दार फार अरुंद." मी म्हटले, "आजोबांना पुरत होते." तो हसला, आमच्या सौभाग्यवतींना मात्र हसू आले नाही. घर दुकानाला गेले तर टिकणार होते; नाहीतर थोरल्या भावाने पुण्याहून बिल्डरचा कागद सहीसाठी पाठवलेलाच होता.

सोलापुरातले हे घर माळवदाचे. लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर, आणि भिंती हातभराहून रुंद. वैशाखात रस्ता तव्यासारखा तापतो, तेव्हा मधल्या खणात चटई टाकावी आणि खुशाल घोरावे! पण व्यापाऱ्याला हवे होते शटर आणि एकसलग दालन. जुन्या गवंड्याने भिंतीवर थाप मारून सांगितले, "ही काढली तर माळवद खाली येईल. धरायला लोखंडी तुळई लागेल. आणि सिमेंटचा गिलावा नको, चुन्याचाच करा." सिमेंट मातीतली ओल कोंडून ठेवते आणि भिंत आतून कुजते, हे एम. ए.ला मला कोणी शिकवले नव्हते.

त्या संध्याकाळी मी इंद्रभुवनापर्यंत चालत गेलो. आप्पासाहेब वारद यांची ही हवेली. १९६४ साली स्थापन झालेल्या महापालिकेची कचेरी पुढे तिच्यात थाटली गेली. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी तेथे गेलो होतो. ते रांगेत घाम पुशीत उभे, आणि मी वर मान करून नक्षी पाहत. श्रीमंताच्या दिवाणखान्यात फायली आल्या, म्हणून का होईना, छपराची गळती कोणाला तरी दिसत राहिली.

जुन्या गिरणीला तसा भाडेकरू मिळाला नाही. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी १९६३ साली बंद पडली. ज्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत, तो मुका झाला, आणि त्या जागेवर घरे उठली. मुंबईच्या फिनिक्स गिरणीत दुकाने थाटली. तेथे चिमणी राहिली, कामगार मात्र राहिले नाहीत. माझ्या घराची तुलना मी याच्याशी करावी, हा थोडा आगाऊपणाच. पण सही माझी होती.

चार दिवसांनी भर दुपारी व्यापारी पुन्हा आला. मधल्या खणात बसला, पाणी प्याला, टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ उठेना. मग भिंतीकडे पाहत म्हणाला, "दार आहे तेवढेच ठेवले, तर भाडे किती कमी कराल?"

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनी आकडा सांगितला.