शिळा वारा

माझ्या कोर्समधला, माझ्याखेरीज उरलेला एकमेव कॅनबेरा बॉम्बरवरचा नॅव्हिगेटर गेल्या श्रावणात गेला. तेव्हापासून मी पुन्हा वाऱ्याच्या हिशेबाला बसलो आहे. जुन्या वहीतली एखादी लेग, म्हणजे उड्डाणाचा एक टप्पा, घेतो, चार्टवर मांडतो आणि तोच वारा त्याच्या रीतीने काढून पाहतो. हयातभर मी माझ्या रीतीने काढला आणि तीच बरोबर असे ठणकावून सांगितले. आता समोर वाद घालायला कोणी नाही, म्हणून त्याची बाजूही मलाच मांडावी लागते.

वारा नसता तर जिथे असतो ते हवेतले स्थान आणि फिक्स, म्हणजे प्रत्यक्ष निश्चित केलेले स्थान, यांना जोडणारी रेघ म्हणजे वारा, हे बेगमपेटच्या नॅव्हिगेशनच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही सांगायला नको. भांडण आहे ते ही रेघ किती वेळाची असावी यावर. फिक्स पाच मैलांनी चुकला आणि मधला वेळ २० मिनिटांचा असला, तर वाऱ्यात १५ नॉटची चूक शिरते. तोच फिक्स तासाभराच्या रेघेवर घेतला तर चूक पाच नॉटची. मग वेळ वाढवावा, हे ओघाने आलेच. पण तासाभरात कॅनबेरा ४०० मैल पुढे गेलेली असते. हाती येतो तो त्या ४०० मैलांचा सरासरी वारा, आणि तो मागे राहिलेला असतो. पुढच्या लेगला लावायचा वारा तो नव्हेच. वेळ कमी घ्या, फिक्सची चूक वाऱ्यात मुरते. वेळ जास्त घ्या, वारा शिळा होतो. यातून सुटका नाही. मी लांब रेघेचा, तो आखूड रेघेचा. ‘‘तुझा वारा बरोबर आहे रे, पण तो कालचा आहे,’’ असे तो मेसमध्ये सगळ्यांदेखत म्हणायचा आणि ते माझ्या फार जिव्हारी लागायचे.

लोहगावहून उडणाऱ्याला हा प्रश्न कोणत्याच ऋतूत सोडत नाही. पावसाळ्यात खाली पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर आदळत असतो, आणि चढत चढत ४० हजार फुटांच्या वर जावे तो वारा थेट पूर्वेचा झालेला असतो. मधल्या थरांत कुठेतरी तो जवळजवळ मरतो. चढतानाचा वारा म्हणून एकच आकडा कसा लावायचा? हिवाळ्यात आग्र्याकडे निघावे तर अर्धी वाट सौम्य जाते आणि पुढे पश्चिमेची जेट स्ट्रीम अंगावर येते, १०० नॉट, कधी त्याहून जास्त. ४०० नॉटच्या विमानाला तो वारा आडवा लागला तर ड्रिफ्ट १४ अंशांवर जातो. अशा वेळी मागच्या तासाची सरासरी पुढे लावणे म्हणजे काल पाहिलेल्या पात्रावरून आज पुराची नदी ओलांडणे. हे मला तेव्हाही कळत होते. तरीही मी लांब रेघ सोडली नाही, कारण तिने दिलेला आकडा कागदावर सिद्ध करता यायचा. माझ्या लॉगवर कोणी बोट ठेवू नये, याची मला भारी हौस होती.

ती हौस कुठवर गेली होती तेही सांगतो. चांगली झालेली लेग मी रात्री खोलीत बसून एका लांब वहीत उतरवायचो, सुवाच्य अक्षरात, लाल-निळ्या पेन्सिलींनी. ठरलेल्या वेळेच्या काही सेकंदांत लक्ष्यावर पोचलेल्याच लेगा त्या वहीत आहेत. कोणी पाहुणा आला की ती वही टेबलावर सहज पडलेली असावी, अशी मी व्यवस्था करायचो. पायलटने इंटरकॉमवर ‘‘नॅव्ह, किती राहिले?’’ विचारावे आणि मी चार्टवरून मान वर न करता मिनिटे-सेकंद सांगावेत, यात मला जे सुख होते ते बढतीतही मिळाले नाही. आमच्या बॉम्बर कॅनबेरात पायलट वर काचेच्या फुग्याखाली बसायचा आणि आम्ही खाली नाकाच्या पोकळीत. त्याला इजेक्शन सीट होती. आम्हाला बाजूचे दार. त्याला बाहेरचे सगळे आकाश दिसायचे, पण ते कोणत्या गावावरचे आहे हे त्याला माझ्याकडूनच कळायचे. याचा मला गर्व होता आणि अजून आहे.

आमच्या आधीच्यांनी हेच काम कोणत्या परिस्थितीत केले, ते आठवले की मात्र वही बाजूला ठेवावीशी वाटते. सप्टेंबर १९६५मध्ये आग्र्याहून पेशावरवर गेलेल्या कॅनबेरांच्या नॅव्हिगेटरांना खाली ब्लॅकआउटचा अंधार होता. जाण्याइतके आणि येण्याइतके इंधन, चुकण्याइतके नाही. तिथे वारा चुकला असता तर दुसऱ्या लेगवर सुधारून घेण्याची सोय नव्हती. पुढेही जोखीम संपली नाही: २१ मे १९९९ला कारगिलवर टेहळणी करणाऱ्या कॅनबेराला क्षेपणास्त्र लागले आणि ती एका इंजिनावर श्रीनगरला उतरली. मे २००७मध्ये आग्र्याला कॅनबेरा निवृत्त झाली.

आता लोहगाववरून सुखोई उडतात. मागच्या सीटवर वेपन सिस्टिम ऑपरेटर असतो आणि वारा त्याच्यासमोर पडद्यावर आपोआप उमटतो, क्षणाक्षणाला ताजा. त्या पोरांबद्दल मला आदर आहे. त्यांचे काम आमच्यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. पण स्थान सांगणारा उपग्रहाचा सिग्नल शत्रूला जॅम करता येतो, आणि तेव्हा माणसाला वारा डोक्याने धरता आला पाहिजे. आमच्या वेळी डाकोटा विमानाच्या घुमटाखाली सेक्स्टंट धरून स्वाती किंवा अभिजित तारा पूर्ण दोन मिनिटे बुडबुड्यात ठेवायला शिकताना हात भरून यायचे. पण आपल्या फिक्सवर किती मैलांचा भरवसा ठेवायचा, ते तिथेच अंगात भिनायचे. पडद्यावरचा आकडा स्वतःबद्दलची शंका सांगत नाही. हे शिक्षण कमी झाले तर ते चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वहिनींनी माझ्या गेलेल्या सोबत्याचा डाल्टन, म्हणजे वारा काढायचा हातातला गणक, मला दिला. तो कडक पेन्सिल वापरायचा. ठिपके पुसले गेले, पण फिरत्या काचेवर त्यांचे ओरखडे राहिले आहेत. भिंग लावून पाहिले तर ते जोडीने आहेत: एक ठिपका, आणि त्याच्यापासून थोडा बाहेर सरकवलेला दुसरा. म्हणजे निघालेला वारा तो आधी टिंबवायचा, आणि मग पुढे लागेल असे वाटणारा. हे अंतर तो कशावरून ठरवायचा, हे मी त्याला कधी नीट विचारले नाही. त्याचा तो अंदाजपंचे कारभार आहे, असे मी धरून चाललो होतो.

उत्तर त्याच्या जुन्या लॉगांत सापडले. बाहेरच्या तापमानाच्या आकड्यांना त्याने जागोजागी अधोरेखित केले आहे. तापमान मीही लिहीत होतो, खऱ्या वेगाच्या दुरुस्तीसाठी. तो तेच वाऱ्यासाठी वाचत होता. एकाच उंचीवर उत्तरेकडे जाताना हवा झपाट्याने थंड होत गेली, तर वरचा पश्चिमेचा वारा जोर धरतो, हे हवामानाच्या वर्गात आम्हा दोघांनाही शिकवले होते. त्याने ते डाल्टनवर आणले. फिक्स मिळण्याच्या आधी त्याला जेटची चाहूल लागायची ती अशी.

माझ्या वहीत तापमाने आहेत. आग्र्याच्या हिवाळी लेगांवर त्याची रीत लावून पाहतो आहे, आणि जिथे वारा बदलत होता तिथे त्याचा आकडा सरस येतो. अरबी समुद्रावर, एकसारख्या वाऱ्यात, माझा सरस. यात खोट एवढीच, की त्या वहीत माझ्या चांगल्याच लेगा आहेत. तुलना माझ्या बाजूला झुकलेली आहे आणि तरीही तो इतक्या ठिकाणी जिंकतो. पावसाळी लेगा अजून हातात घेतलेल्या नाहीत. पूर्वेच्या वाऱ्याला नियम उलटा लागतो, इथवर आमचे एकमत होते. तापमानाच्या दर अंशामागे किती नॉट धरायचे, यावर कधीच झाले नाही. मी कमी धरायचो.