आपली वीत

पंजा पुरता ताणल्यावर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जे अंतर भरते, त्याला मराठीत वीत म्हणतात. संस्कृत 'वितस्ति'पासून आलेले हे माप कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बारा अंगुळांचे धरले आहे आणि अशा दोन वितींचा, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, एक हात होतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'च्या आरंभीच आठ यवांचे अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड आणि दोन हजार दंडांचा कोस असे कोष्टक येते. जवाच्या दाण्यापासून निघून माणसाच्या हातावरून पुढे कोसाच्या वाटेपर्यंत पोहोचणाऱ्या या कोष्टकात गणित कोठे संपते आणि भूगोल कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड आहे. शाळेने पुढे या दोन विषयांना वेगवेगळे तास आणि वेगवेगळी पुस्तके दिली, तरी प्राथमिक वर्गातले मूल ज्या एका साधनाने दोन्ही विषयांत शिरते ते साधन हातच राहिले, आणि विशेष म्हणजे ते साधन त्या मुलाबरोबर वाढत गेले.

महाराष्ट्रातील ज्या पिढीने १९५७ च्या सुमारास पहिलीची पाटी हाती घेतली, तिच्या आयुष्यातून या वितीचा माग काढणे उद्बोधक ठरते, कारण या पिढीच्या डोळ्यांदेखत बाकीची बहुतेक मापे बदलली. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा, म्हणजेच चौसष्ट पैशांचा, रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९५६ च्या वजने व मापे कायद्यानंतर शेराच्या जागी किलो, वाराच्या जागी मीटर आणि मैलाच्या जागी किलोमीटर टप्प्याटप्प्याने आले. घरातील वडीलधारी माणसे मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीन यांचे पाढे, घोकून घेत होती, आणि शाळेतील फळ्यावर दशांशचिन्ह उमटू लागले होते. या धामधुमीत कोणत्याही कायद्याने हात न लावलेले माप होते ते वीत, कारण ती कोणत्याच सरकारी कोष्टकात उरलेली नव्हती.

वर्गात वितीचा पहिला उपयोग भांडण लावण्यासाठी होतो, आणि हे भांडण शैक्षणिक दृष्ट्या मोलाचे असते. चार फूट लांबीचे टेबल सहा वर्षांचे मूल आपल्या वितीने मोजते तेव्हा ते सुमारे आठ विती भरते. शेजारच्या थोराड मुलाच्या हाताने तेच सात भरते, आणि गुरुजींनी पंजा टेकवला की ते सहाच्याही आत येते. टेबल तेच, मोजण्यात चूक कोणाचीही नाही, आणि तरी उत्तरे तीन. एका टोकाला वीत टेकवून पुढची वीत नेमकी करंगळीच्या टोकापासून धरावी लागते, मध्ये फट सोडून चालत नाही आणि एकीवर दुसरी चढवूनही चालत नाही, हे मुलाला याच खटाटोपात समजते. आणि सर्वांचे उत्तर एक यावे असे वाटत असेल तर कोणा एकाच्या नव्हे, तर कोणाच्याच नसलेल्या हाताने मोजावे लागेल, हेही तेथेच उमगते. फूटपट्टी त्यानंतर हातात आली तर ती एका अडचणीवरचा उपाय म्हणून येते. आधी आली तर ती केवळ रेघा मारण्याची काठी असते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती जन्मभर तशीच राहते.

यानंतरचा प्रयोग क्वचितच केला जातो, हे खेदाने नोंदवावे लागते. मूल जमिनीवर उताणे निजते, त्याच्या डोक्याशी व टाचांशी खडूने खुणा केल्या जातात, आणि ते अंतर त्याने स्वतःच्या हाताने, म्हणजे कोपर ते मधल्या बोटाचे टोक या लांबीने, मोजायचे असते. उत्तर साडेतीन हातांहून किंचित अधिक भरते. नंतर दुसरे मूल, तिसरे मूल, आणि पटले तर गुरुजीही निजतात. हात लहानमोठे, उंच्या लहानमोठ्या, पण उत्तर प्रत्येकाचे साडेतीनच्या आसपासच. टेबलाच्या बाबतीत भांडणारा वर्ग येथे एकाएकी एकमताचा होतो. संतवाङ्मयात देहाला औट हातांचा म्हटले आहे, आणि घरी घोकलेली औटकी अशी स्वतःच्याच अंगावर सापडते. परक्या वस्तूला आपली वीत लावली की मतभेद होतात, आपल्याच अंगाला लावली की ते मिटतात, कारण दुसऱ्या वेळी आपण लांबी मोजत नसतो, तर दोन लांब्यांमधील नाते मोजत असतो. मराठी भाषेने या दोन्ही गोष्टींना एकच शब्द दिला आहे: सर्वांनी मानायचे माप तेही प्रमाण, आणि दोन राशींमधील नाते तेही प्रमाण.

हाताशी निगडित असा आणखी एक शब्द गणिताने जपून ठेवला आहे, तो म्हणजे हातचा. सात आणि आठ मिळून पंधरा, पाच लिहून हातचा एक, असे म्हणताना हातात प्रत्यक्ष काहीच नसते. परंतु दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा बांधणाऱ्या मुलाच्या हातात तो दशक खरोखरीच असतो, आणि शेजारच्या घरात तो ठेवेपर्यंत त्याला तो सांभाळावा लागतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात बावीस या संख्येचे 'वीस दोन' असेही वाचन आले तेव्हा बराच गदारोळ झाला. भाषेच्या सौंदर्याची चिंता रास्त होती, पण दोन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर मांडून बसलेल्या मुलाला 'वीस दोन' हे वर्णन मुळीच विचित्र वाटत नाही, आणि एकोणतीस हा शब्द तिसांतून एक काढून घेतो हे त्याला काड्यांमुळेच दिसते. अशी साधने महाग असावी लागत नाहीत, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडच्या टेकडीवर दाखवून दिले होते; माँटेसरी पद्धतीतील महागड्या लाकडी साहित्याच्या जागी त्यांनी बिया, शिंपले, खडे आणि पाने आणली. या मानाने अलीकडच्या काळात ज्ञानरचनावादाचे, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून ज्ञानाची रचना करते या विचाराचे, जे स्वरूप काही ठिकाणी दिसते ते फरशीवरील तैलरंगाच्या चित्रांपुरते उरले आहे, आणि ती पुसतील म्हणून मुलांना त्यांच्यावरून चालूही दिले जात नाही.

भूगोलात हाताचा प्रवेश दिशांपासून होतो. उगवत्या सूर्याकडे तोंड केले की समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, डाव्या हाताला उत्तर आणि उजव्या हाताला दक्षिण. संस्कृतात दक्षिण या शब्दाचा एक अर्थच उजवा असा आहे, तो या उभे राहण्यामुळे. मैदानात कमावलेले हे ज्ञान वर्गात शिरताच बिघडते, कारण भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते आणि वर तर छत असते. नद्या दक्षिणेकडे वाहतात म्हणजे खाली वाहतात, असा समज कित्येक सुशिक्षितांच्या मनात शेवटपर्यंत टिकतो, त्याचे मूळ भिंतीवरील या खिळ्यात आहे. तोच नकाशा उतरवून जमिनीवर अंथरला आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे फिरवली, तर नागपूर, कोल्हापूर आणि मुंबई ज्या दिशांना बोट दाखवावे तेथेच येतात. उंचीचेही असेच आहे. मुठीच्या सांध्यांभोवती बॉलपेनाने एकात एक वर्तुळे काढावीत, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा तयार होतात. मग मूठ उघडून पंजा सपाट केला की टेकड्या नाहीशा होतात आणि रेषा उरतात. जेथे सांध्याचा उतार तीव्र होता तेथे त्या दाटीने बसलेल्या असतात. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू नकाशात काळी का दिसते, याचे उत्तर त्या तळहाताच्या मागच्या बाजूला लिहिलेले असते.

पुढे १९५७ च्या सुमारास पाटी हाती घेतलेल्या त्या पिढीची वीत वाढून आठ-नऊ इंचांवर स्थिरावली. तिने कापडाची गिऱ्हाइकी केली, भाजीच्या वाफ्यात रोपांमधले अंतर धरले, होणाऱ्या बाळाच्या टोपड्याचा अंदाज घेतला. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये लिहिली जाऊ लागली तरी बोलणे गुंठ्यातच राहिले, कारण तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद तुकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर, म्हणजे ज्यावरील दोन सेंटिमीटर जमिनीवरील एक किलोमीटर दाखवतात अशा नकाशावर, याच प्रौढ वितीखाली दहा-अकरा किलोमीटरचा मुलूख झाकला जातो. आता सत्तरी ओलांडल्यावर सांधे आखडले आहेत, पंजा पूर्वीइतका ताणत नाही, आणि वीत पुन्हा थोडी आखूड झाली आहे.

तिचा एक उपयोग मात्र वयाने फारसा बदलत नाही, आणि तो शाळेत जवळजवळ कोणीच शिकवत नाही. हात खांद्यापासून सरळ लांब करून ताणलेला पंजा आकाशापुढे धरला, तर वितीने साधारण वीस अंशांचा कोन व्यापला जातो. मुलाची वीत लहान, पण त्याचा बाहूही त्याच मानाने आखूड, म्हणून सात वर्षांच्या नातवाचे आणि आजोबांचे उत्तर थोड्याफार फरकाने एकच येते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो तितका त्या गावाचा अक्षांश असतो: पुण्याला साडेअठरा, नाशिकला वीस, नागपूरला एकवीस. महाराष्ट्रातील बहुतेक गावांचा अक्षांश अशा प्रकारे वीतभरच आहे. शहराच्या दिव्यांपासून दूर, हिवाळ्यातील स्वच्छ रात्री उत्तरेकडे तोंड करून करंगळी क्षितिजावर टेकवावी आणि अंगठा सरळ वर ताणावा. अंगठ्याच्या टोकाशी जो फार तेजस्वी नसलेला, एकटा तारा दिसेल, तो शेजारी उभ्या असलेल्या मुलालाही त्याच्या अंगठ्याशी सापडतो का, हे त्यालाच विचारून पाहावे.