मनात दहा अंक मोजा

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी कोणाला मदत केली आहे का? नक्कीच केली असेल. एखाद्या आजोबांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला असेल, नाहीतर आजारी मित्राची वही लिहून दिली असेल. मदत करणे सोपे असते, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत असे. पण मदत करतानाही चूक होऊ शकते, हे मला माझ्या भाभीने शिकवले. तीच हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे.

आमचे घर कोल्हापूरचे. भाभी लग्न होऊन मिरजेहून आमच्या घरी आली. ती तुमच्यासारखीच उर्दू शाळेत शिकलेली. मराठी ती शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकली आणि पुढे बाजारात व शेजारीपाजारी बोलून बोलून तिने ती पक्की केली. आमच्या घरात सर्वांत बोलकी तीच. तिच्या हसण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई.

२०११ सालची गोष्ट. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. एका संध्याकाळी भाईजान आणि भाभी स्कूटरवरून रंकाळ्याकडून घरी येत होते. रस्ता ओला होता. अचानक एक कुत्रे आडवे आले. भाईजानने ब्रेक दाबला आणि स्कूटर घसरली. भाईजानच्या डोक्यावर हेल्मेट होते. त्याचे गुडघे खरचटले, एवढेच. भाभी मागे बसली होती. तिच्या डोक्यावर फक्त ओढणी होती. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातले पाहिजे, असा कायदा आहे. पण 'जवळच तर जायचे आहे', असे म्हणून आपण तो विसरतो. त्या दिवशी आम्हीही विसरलो होतो.

भाभी बारा दिवस बेशुद्ध होती. ती शुद्धीवर आली तेव्हा तिचा उजवा हात आणि उजवा पाय हलत नव्हता. तिला बोलताही येत नव्हते. तिच्या मेंदूच्या डाव्या भागाला मार लागला होता. डावा मेंदू शरीराच्या उजव्या बाजूला हुकूम देतो आणि बहुतेक माणसांच्या बोलण्याची जागाही डाव्या मेंदूतच असते. ही गोष्ट जगाला कशी समजली, माहीत आहे? पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक रुग्ण आला. दुसऱ्यांचे बोलणे त्याला समजत असे. पण त्याच्या तोंडून 'टॅन' एवढाच आवाज निघे. १८६१ साली तो मरण पावला. डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा एक भाग खराब झालेला दिसला. आजही मेंदूच्या त्या भागाला ब्रोका यांचे नाव आहे.

त्या रुग्णाला दुसऱ्यांचे बोलणे समजत असे, हे लक्षात ठेवा. आमच्या भाभीलाही समजत होते. आम्हीच ते विसरलो.

दोन महिन्यांनी भाभी घरी आली. आम्ही तिला फुलासारखे जपू लागलो. दादी, म्हणजे माझी आई, तिला चमच्याने भरवत असे. भाईजान तिला उचलून खुर्चीवर बसवत असे. तिने काही बोलायला तोंड उघडले, की आम्ही चौघेजण मिळून तिचे वाक्य पुरे करत असू. "पाणी हवे? खिडकी लावू? झोपायचे आहे?" ती मान हलवून हलवून थकून जाई आणि शेवटी गप्प बसे.

मुन्नीला मी सांभाळू लागले. मुन्नी ही भाभीची मुलगी. तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला न्हाऊ घालणे, तिचे केस विंचरणे, तिला बालवाडीत पोहोचवणे, सारे मीच करत असे. रात्री ती माझ्याजवळ झोपे. शेजारणी माझे कौतुक करत. एके दिवशी खेळता खेळता मुन्नीने मला हाक मारली, "अम्मी!"

खरे सांगू? ते ऐकून मला बरे वाटले. भाभी समोरच खाटेवर बसली होती. तिनेही ती हाक ऐकली. ती काहीच बोलली नाही. बोलणार तरी कशी? तिने फक्त तोंड भिंतीकडे वळवले.

नंतर काही दिवसांनी मुन्नी कंगवा घेऊन भाभीजवळ गेली. भाभीने डाव्या हातात कंगवा धरला आणि ती तिचे केस विंचरू लागली. कंगवा केसांत अडकला. मुन्नी "आई गं!" करून ओरडली. मी धावत गेले आणि भाभीच्या हातातला कंगवा घेतला. "राहू दे भाभी, मी करते." भाभीने माझा हात घट्ट पकडला. तिचे ओठ थरथरू लागले. बराच वेळ ती धडपडत राहिली आणि मग एकच शब्द बाहेर पडला, "मैं!"

अपघातानंतर स्वतःबद्दल तिने उच्चारलेला तो पहिला शब्द होता. मी कंगवा तिच्या हातात परत दिला. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट भाभीला बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सांगितली. त्यांना वाचा-उपचार तज्ज्ञ म्हणतात. त्या म्हणाल्या, "मार लागलेल्या पेशी सहसा पुन्हा तयार होत नाहीत. पण सराव केला, तर मेंदूचे दुसरे भाग ते काम थोडे थोडे शिकतात. तुम्हीच सगळे केलेत, तर त्यांचा मेंदू शिकणार कधी? यापुढे त्या काही करू लागल्या किंवा बोलू लागल्या, की तुम्ही मनात दहापर्यंत मोजा. दहा झाले आणि त्यांनी मदत मागितली, तरच हात पुढे करा."

त्यांचे म्हणणे मला नंतर नीट समजले, ते एका पुरामुळे. २०१९ साली पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. मोठा रस्ता बंद झाला, की माणसे वळसा घालून आडवाट शोधतात. आडवाट लांबची आणि खडबडीत असते. पण माणसे जात-येत राहिली, की तीही रुळते. भाभीच्या मेंदूचेही तसेच होते. आम्ही मात्र तिला त्या आडवाटेवर पाऊलच टाकू देत नव्हतो.

दहा अंक मोजणे किती कठीण असते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. भाभी कपड्याचे बटण लावू लागली, की माझे हात शिवशिवत. पण मी मोजत राही. हळूहळू घरातली कामेच तिचे औषध झाली. मटार सोलणे, टॉवेलांच्या घड्या घालणे, कणीक मळणे अशी कामे ती करू लागली. डावा हात पुढे आणि उजवा हात मदतीला. एक गंमत सांगते. तिला 'पाणी' हा साधा शब्द सापडत नसे. पण दादीने "एक, दो" म्हटले, की ती पुढे दहापर्यंत न अडखळता मोजत जाई. लहानपणापासून पाठ असलेली 'बिस्मिल्लाह'ही ती पूर्ण म्हणे. पाठ झालेले शब्द अनेकदा असे टिकून राहतात.

सगळे दिवस सारखे नव्हते. कधी भाभी चिडून पेला फेकून देई. कधी तासाभरातच थकून झोपे. सकाळी सांगितलेले दुपारी विसरे. ती रागीट झाली आहे असे पाहुणे म्हणत. पण तो तिचा स्वभाव नव्हता. ती दुखापतीचीच खूण होती. तिच्यासाठी आम्ही भिंतीवर रोजच्या कामांची यादी लावली. काम झाले, की ती स्वतः खडूने त्यापुढे खूण करी.

याच काळात मी नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र वाचले. तरुणपणीच त्यांच्या पायांतली शक्ती गेली. त्यांचे दुखणे मेंदूचे नव्हे, मणक्याचे. पण त्या शिकल्या, त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली आपल्या कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. या संस्थेने कितीतरी अपंग मुलामुलींना शिक्षण दिले, कामधंदा दिला. नुसती दया दाखवून माणूस उभा राहत नाही. त्याला त्याचे काम करू द्यावे लागते. ते पुस्तक वाचून माझ्या मनात हेच ठसले.

वर्षभरानंतर भाभी काठी टेकत माझ्याबरोबर भाजी आणायला आली. वांग्यांच्या ढिगापुढे ती थांबली आणि एकदम म्हणाली, "केवढ्याला दिली, मावशी?" मी थक्क झाले! घरात तिचे उर्दू शब्दसुद्धा अडखळत होते आणि इथे शाळेत शिकलेली मराठी सरळ बाहेर आली. शेकडो वेळा बोललेले ते वाक्य मनात कुठेतरी जपून राहिले होते. मग ती डाव्या हाताने सुटे पैसे मोजू लागली. फार वेळ लागला. मागची माणसे कुरकुरू लागली. तेव्हा भाजीवाल्या मावशी त्यांच्यावर कडाडल्या, "दमा की वाईच! मोजाय लागल्यात न्हवं त्या!" त्या मावशींना दहा अंक मोजायला कोणीही शिकवले नव्हते.

पुढच्या जूनमध्ये मुन्नी पहिलीत गेली. एका सकाळी उशीर झाला, म्हणून मी झटपट तिच्या दोन वेण्या घातल्या. मुन्नीने आरशात पाहिले. तिने दोन्ही वेण्या सोडल्या आणि कंगवा घेऊन ती भाभीजवळ गेली. म्हणाली, "अम्मी, तू घाल."

मी घड्याळाकडे पाहिले. मनात दहा मोजले. पुन्हा दहा मोजले. कितीदा मोजले, कोण जाणे! भांग वाकडा झाला. एक वेणी वर आणि एक खाली. मुन्नी तशीच उड्या मारत शाळेत गेली. त्या दिवशी तिला उशीर झाला खरा. पण मुन्नीची अम्मी कोण, हे घरात पुन्हा कोणाला सांगावे लागले नाही.

भाभी अजूनही थोडी लंगडते आणि थांबून थांबून बोलते. आम्हीही थांबून ऐकतो.

मुलांनो, तुमच्या वर्गात कोणी अडखळत बोलत असेल. घरी आजोबांना शब्द आठवत नसतील. धाकट्या भावाला बुटाची नाडी बांधता येत नसेल. त्यांचे वाक्य पुरे करायची घाई करू नका. त्यांच्या हातातले काम ओढून घेऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि मनात दहा अंक मोजा.